अविश्वास ठोकात नको, किरकोळीत ठेवा

डॉक्टरताई,

माझं वय ३९. दोन वर्षांपूर्वी संध्याकाळच्या वेळी डावी पापणी खाली यायला लागली. मग एकाचे दोन दिसायला लागले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर बदलून दिला. पुढे घास चावता चावता जबडा दमायचा, फोनवर बोलता बोलता आवाज नाकातून यायचा. आणखी दोघांना दाखवलं. एकानं रक्त तपासून ‘सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका’ म्हटलं. दुसऱ्यानं माझ्यासमोर माझ्या नवऱ्याला विचारलं, ‘घरात काही भांडण वगैरे?’ तीन महिन्यांपूर्वी चौथ्या डॉक्टरांनी नसांना बारीक शॉक देऊन तपासणी केली आणि मायस्थेनिया ग्रेव्हिस, म्हणजे स्नायू लवकर दमण्याचा आजार, असल्याचं सांगितलं.

आता प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू करायचंय. त्याआधी फ्लूची, न्यूमोनियाची आणि नागिणीची लस घ्या, असं ते म्हणतात. गेल्या वर्षी फ्लूची लस घेतली तेव्हा दुसऱ्या दिवशी ताप आला आणि चार दिवस पापणी उघडेना. मी हे सांगितलं तर तेव्हाचे डॉक्टर हसले. ‘लसीचा काही संबंध नाही.’ माझ्यासारखाच आजार असलेल्या दोघीजणी सांगतात की त्यांचं दुखणं लसीनंतरच सुरू झालं. नवरा म्हणतो, आता तरी डॉक्टर सांगतात तसं कर. बहीण म्हणते, नको वाटतंय तर नको घेऊस. ज्यांनी दोन वर्षं मला खोटं ठरवलं त्यांच्या सांगण्यावरून मी दंडात सुई का टोचून घ्यायची?

— पापणीवाली

प्रिय पापणीवाली,

सल्ला देण्याआधी माझ्या खात्यावरची एक चूक सांगते. प्रॅक्टिस सुरू होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. एक बाई कॉलेजात जाणाऱ्या मुलाला घेऊन आल्या. वजन उतरलेलं, सकाळी मळमळ, जिना चढला की बसावंसं वाटतं. वरचा रक्तदाब ९०. परीक्षा तोंडावर आलेली. मी टॉनिक लिहून दिलं, जागरणं कमी कर म्हटलं आणि आईला सांगितलं, ‘या वयात होतं असं, फार लक्ष देऊ नका.’ बाई तीनदा आल्या. तिसऱ्या खेपेला म्हणाल्या, ‘हा येता-जाता मीठ चाटतो हो.’ मी हसले. पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी मुलाचा तळहात उजेडात धरला. हातावरच्या रेषा काळपट पडल्या होत्या. ओठ उलटून पाहिला तर हिरड्यांवरही तसेच डाग. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी काम करेनाशा झाल्या होत्या. ॲडिसनचा आजार. टॉमस ॲडिसननं १८५५ सालीच लिहून ठेवलेला, मी पुस्तकात वाचलेला आणि परीक्षेत त्यावर गुणही मिळवलेले.

निदान झाल्यावर त्या बाई मला भेटायला आल्या. भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘तुम्ही त्याच्या हाताकडे बघितलंच नाही.’

गोष्ट इथंच थांबली असती तर एक वेळ मी ती विसरलेही असते. या आजारात शरीर जे स्टेरॉइड बनवत नाही ते रोज गोळीतून द्यावं लागतं, जन्मभर. ताप आला तर डोस वाढवावा लागतो, कारण निरोगी माणसाचं शरीर अशा वेळी ते आपणहून जास्त बनवतं. नव्या डॉक्टरांनी हे सगळं समजावलं होतं. पण तोवर त्या बाईंचा डॉक्टर या जमातीवरचाच विश्वास उडाला होता, आणि त्यात ‘स्टेरॉइड’ हा शब्द. मुलाला ताप भरला तेव्हा वाढवायचा डोस त्यांनी निम्म्यावर आणला. दुसऱ्या दिवशी पोरगा बेशुद्ध, थेट अतिदक्षता विभागात. वाचला. पण कर्ज माझं होतं आणि त्याचं व्याज त्या पोरानं भरलं. नव्या डॉक्टरांचा तर त्यात काडीचाही दोष नव्हता.

तेव्हा ‘डॉक्टरांवर विश्वास ठेवा’ असं मी तुम्हाला सांगणार नाही. तुमचा अविश्वास तुम्ही कमावलेला आहे, तो कुणी फुकट दिलेला नाही. माझं म्हणणं इतकंच की तो ठोकात वापरू नका. ठोकात म्हणजे कसं? डॉक्टर चुकले, म्हणून डॉक्टर वाईट, म्हणून त्यांचं औषध वाईट, म्हणून लसही वाईट. एकदाच काय ते ठरवून टाकायचं, मग डोकं लावायला नको. किरकोळीत वेळ जातो. कोण चुकलं, नेमकं कशात चुकलं, आणि त्या चुकीचा समोरच्या या सुईशी काय संबंध, असं दर वेळी तागडीत घालून बघावं लागतं. तुमच्या अंगात आधीच त्राण नाही हे मला माहीत आहे. तरीही बघू या.

चष्म्याच्या नंबरवाले डॉक्टर पहिले. तुमच्या आजारात नसेकडून स्नायूला निरोप नेणारं ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन ठीक असतं, पण ते जिथं झेललं जातं त्या जागांवर तुमच्याच शरीरातल्या अँटिबॉडी हल्ला करतात. म्हणून स्नायू पहिल्या दोन-चार वेळा बरोबर चालतो, मग दमतो, आणि विसावा मिळाला की पुन्हा चालतो. आता आठवून सांगा, या डॉक्टरांची वेळ सकाळची होती का? सकाळी दहाची अपॉइंटमेंट, बाहेर अर्धा तास डोळे मिटून बसलेली बाई आणि आत गेल्यावर दोन्ही पापण्या एकदम ताठ. डॉक्टरांनी पाहिलं ते खरंच होतं, फक्त चुकीच्या वेळी पाहिलं. एक मिनिटभर वर बघायला सांगितलं असतं तर पापणी त्यांच्यादेखत उतरली असती. उतरलेल्या पापणीवर दोनेक मिनिटं बर्फ धरला तर ती पुष्कळदा दोन मिलिमीटर तरी वर येते. या तपासणीला बर्फाच्या तुकड्यापलीकडे काही लागत नाही. त्यांना ती सुचली नाही. कमी पडले, पण तुम्हाला खोटं ठरवलं असं मी म्हणणार नाही.

रक्त तपासणाऱ्यांचा अपराध जरा मोठा आहे, आणि तो तपासणीत नाही, वाक्यात आहे. आजार अंगभर असलेल्या साधारण ८५ टक्के रुग्णांच्या रक्तात या अँटिबॉडी सापडतात. नुसत्या डोळ्यांपुरता असेल तर जेमतेम निम्म्यांत. ज्यांच्यात त्या सापडत नाहीत त्यांच्यातल्या काहींच्या रक्तात ‘मस्क’ नावाच्या वेगळ्याच प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडी असतात, आणि त्यांचा शोधच मुळी २००१ साली लागला. त्याआधीची ती सगळी माणसं ‘नॉर्मल’च होती! ‘या तपासणीत सापडलं नाही’ आणि ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ यांत केवढं अंतर आहे. ते अंतर तुमच्या डॉक्टरांनी एका दमात पार केलं आणि त्यात तुमचं वर्ष गेलं.

तिसऱ्या डॉक्टरांच्या बाजूनं बोलायला माझ्याकडे काही नाही. समोर बसलेल्या बाईला सोडून तिच्या नवऱ्याला विचारणं हा अडाणीपणा आहे, मग भिंतीवर पदव्या कितीही लटकवलेल्या असोत.

इथं थोडं विषयांतर करते, पण ते तुमच्यासाठीच आहे. या आजाराचं सगळ्यांत जुन्या वर्णनांपैकी एक १६७२ सालचं आहे. टॉमस विलिस नावाच्या इंग्रज वैद्यानं आपल्या एका रुग्ण स्त्रीबद्दल लिहिलंय. बराच वेळ किंवा घाईघाईनं बोलली की तिची वाचा जायची, माशासारखी मुकी व्हायची, आणि तास-दोन तासांशिवाय आवाज परत यायचा नाही. त्यानं या दुखण्याला खोटा पक्षाघात म्हटलं. खोटा म्हणजे सोंग नव्हे, येऊन जाणारा, कायम न राहणारा. मला मोलाचं वाटतं ते वेगळंच. त्या बाईचं वर्णन सुरू करताना त्यानं आधी लिहिलं की ही शहाणी आणि प्रामाणिक बाई आहे. त्याही काळात लोक अशा बाईला काय म्हणत असतील याची त्याला कल्पना असणार. आणि तुम्ही आज या आजारावरची पायरिडोस्टिग्मिनची गोळी घेत असाल, बहुतेक घेतच असाल, तर तिची आजी शोभेल अशा औषधाचा उपयोग १९३४ मध्ये मेरी वॉकर या डॉक्टर बाईंनी दाखवून दिला. त्या लंडनमधल्या ग्रिनिचच्या एका साध्या इस्पितळात काम करत, कुठल्या मोठ्या संस्थेतल्या तज्ज्ञ नव्हत्या. हा आजार स्नायू लुळे पाडणाऱ्या क्युरारे या विषाच्या बाधेसारखा दिसतो, मग त्या विषावरचा उताराच देऊन बघू, असा सरळ विचार त्यांनी केला. इंजेक्शननंतर रुग्णाची पापणी वर आली. सांगायचं कारण असं की आमच्या व्यवसायात न बघणारे आहेत तसे बघणारेही पहिल्यापासून आहेत. तुमचे चौथे डॉक्टर बघणाऱ्यांच्या रांगेतले दिसतात. पहिल्या तिघांचं बिल त्यांच्या नावावर फाडू नका.

आता गेल्या वर्षीची ती लस. ‘काही संबंध नाही’ म्हणून हसणारे डॉक्टर चुकले, हे मी सरळ सांगते. अंग तापलं की नस आणि स्नायू यांच्यातला निरोप आणखी ढिला पडतो. गारव्यानं पापणी सुधारते त्याचीच ही उलटी बाजू. लसीनं ताप आला, तापानं पापणी पडली. तेव्हा तुमच्यावर या आजाराचे उपचारही चालू नव्हते, त्यामुळे ती चार दिवस उघडली नाही. संबंध होता, तुम्ही बरोबर होतात. त्यांनी खाली मान घालून केसपेपरवर दोन ओळी लिहिल्या असत्या तर आज हे पत्र इतकं कडू झालं नसतं.

पण जे घडलं तेवढंच म्हणू या. तापानं चार दिवस लक्षणं वाढली आणि मग ती उतरली. लसीनं आजार दिला किंवा कायमचा वाढवला, असं यातून निघत नाही. आणि साध्या लसीच्या एका दिवसाच्या तापानं तुमचं इतकं झालं असेल तर खऱ्या फ्लूच्या चार-पाच दिवसांच्या तापानं काय होईल? फ्लू पापणीवर थांबत नाही. खोकून कफ बाहेर काढायला लागणारे स्नायू, गिळायचे स्नायू, श्वासाचे स्नायू, सगळ्यांवर ताण येतो. मायस्थेनियाच्या रुग्णांपैकी १५ ते २० टक्के जणांवर कधी ना कधी श्वास अपुरा पडण्याची वेळ येते, बहुतेकदा आजाराच्या पहिल्या काही वर्षांत, आणि त्यामागचं सगळ्यांत नेहमीचं ज्ञात कारण म्हणजे जंतुसंसर्ग. तुम्ही त्या पहिल्या काही वर्षांतच आहात. फ्लूची लस आणि खोटी लस अशी तुलना मायस्थेनियाच्या रुग्णांवर करून झाली आहे. चाचणी छोटी होती, पण लस घेतलेल्यांचा आजार खोटी लस घेतलेल्यांपेक्षा जास्त बिघडला नाही.

तुमच्या त्या दोघी ओळखीच्या बायका. त्या खोटं बोलत नाहीत. लस झाली, नंतर दुखणं सुरू झालं, हा क्रम त्यांनी पाहिला आहे. पण लस घेऊन ज्यांना काहीच झालं नाही त्या बायका तुम्हाला सांगायला येत नाहीत, कशाला येतील? लाखो माणसं एकाच हंगामात लस घेतात. त्यांच्यापैकी कुणाला तरी पुढच्या महिन्यात मायस्थेनिया सुरू होणारच, लस घेतली नसती तरी झालाच असता. गोळी किती वाजता घेतली की काम उरकतं, ऑफिसात आजार कसा समजावून सांगायचा, हे त्या दोघींना माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार, ते त्यांच्याकडून जरूर शिका. कशामुळे काय झालं, हे मात्र दोघींच्या अनुभवावरून ठरत नाही. माझ्याही नाही.

मग ठरतं कसं? मोजून. आणि मोजायला आधी नोंद लागते. लहान बाळांना जुलाबाच्या रोटाव्हायरसपासून वाचवणारी रोटाशील्ड नावाची लस अमेरिकेत ऑगस्ट १९९८ मध्ये मंजूर झाली. काही बाळांना ती घेतल्यावर आतड्यात आतडं शिरून अडकण्याचा त्रास झाला आणि त्यांच्याबद्दलचे अहवाल लसींच्या दुष्परिणामांच्या नोंदवहीत जमत गेले. जुलै १९९९ मध्ये असे १५ अहवाल हाती असताना लसीकरण थांबवायला सांगितलं गेलं. मग नीट मोजणी झाली, धोका खरा निघाला, साधारण दहा हजार बाळांत एक एवढा, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात लस बाजारातून गेली. १५ अहवाल! ‘काही संबंध नाही’ म्हणून १५ डॉक्टर हसले असते तर? ‘नंतर’ घडलं ते कधीकधी खरंच ‘मुळे’ घडलेलं असतं, ही तुमची शंका चुकीची नाही. ती कागदावर उतरली पाहिजे एवढंच. तुमच्या डॉक्टरांना सांगा की गेल्या वर्षीचे ते चार दिवस लसीचा संभाव्य दुष्परिणाम म्हणून रीतसर नोंदवा. वर्ष उलटलं तरी हरकत नाही.

आता हातातल्या तीन लसींकडे येते. ‘लस’ हा एकच शब्द आहे, आत वस्तू वेगवेगळ्या. तुमच्यासारख्या माणसानं पहिला प्रश्न एकच विचारायचा: ही लस जिवंत आहे का? काही लसींत दुबळा केलेला पण जिवंत विषाणू असतो. गोवर, कांजिण्या, तोंडावाटे द्यायचा पोलिओचा डोस, नाकात फवारायची फ्लूची लस, या सगळ्या त्या जातीच्या. प्रतिकारशक्ती दाबलेली असताना असा दुबळा विषाणूही डोकं वर काढू शकतो, म्हणून त्या टाळतात, आणि अगदी लागणारच असतील तर औषधाच्या निदान चार आठवडे आधी उरकतात. फ्लूचं इंजेक्शन जिवंत नाही. न्यूमोनियाची लस म्हणजे जंतूच्या वरच्या कवचाचे तुकडे, त्यात जगण्यासारखं काही नाही. नागिणीच्या लसी मात्र दोन प्रकारच्या आहेत. जुनी जिवंत विषाणूची, आणि नवी, विषाणूच्या एकाच प्रथिनाची. तुम्हाला दुसरी हवी. ती दोन डोसांची असते आणि दंड चांगला दुखवते, एखादा दिवस कणकणही आणते. हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर परत तीच भीती बसायची.

एक लस अशीही आहे जिला तुम्ही निःशंक नाही म्हणायचं: पीतज्वराची. काही देशांत शिरायला ती सक्तीची असते आणि प्रवासाच्या घाईत कुणी कुणाला आजार विचारत बसत नाही. मायस्थेनियाचं मूळ पुष्कळदा छातीतल्या थायमस ग्रंथीशी जोडलेलं असतं. ही लस घेतल्यावर जीवघेणे आजारी पडलेल्या सुरुवातीच्या २३ जणांपैकी ४ जणांना थायमसचा आजार झालेला होता. तेव्हापासून थायमसचा विकार असलेल्यांना ती देत नाहीत. हा नियम लस बनवणाऱ्यांच्या आणि देणाऱ्यांच्याच जगातून आला आहे. असलं काही वाचलं की मला तरी जरा बरं वाटतं, आपल्या मालाची खोट सांगणारा दुकानदार भेटल्यासारखं.

वेळेचं गणितही आहे. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लसीचा परिणामही दाबतात. म्हणून जिवंत नसलेल्या लसी औषधाच्या निदान दोन आठवडे आधी दिलेल्या बऱ्या. तुमच्यासाठी रिटुक्सिमॅब ठरलं असेल तर हे फारच महत्त्वाचं, कारण त्यानंतर सहाएक महिने लस टोचून फारसं हाती लागत नाही. ‘बघू, विचार करू’ म्हणत तीन महिने गेले तर तोही एक निर्णयच झाला, फक्त तुम्ही न घेतलेला. उलट आजार झपाट्यानं वाढत असेल तर लसीसाठी औषध अडवून ठेवायचं नसतं. तुमचं कुठल्या बाजूला आहे ते डॉक्टरांना विचारा.

आणि एवढी शंका मनात शिल्लकच असेल तर ती योग्य दारात उभी करा. साध्या तापा-खोकल्याला कुणी सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन लिहून दिलं तर तिथं अडा. या जातीच्या अँटिबायोटिकनं मायस्थेनिया अचानक बिघडू शकतो. २०११ साली अमेरिकेच्या औषध नियामकांनी त्यांच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा छापायला लावला, तो नेमका तुमच्या आजारासाठी. जेंटामायसिनसारखी इंजेक्शनं, ॲझिथ्रोमायसिन, रक्तदाबाच्या काही गोळ्या, शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम, भूल देताना वापरायची स्नायू सैल करणारी औषधं, यांतली प्रत्येक गोष्ट विचारून घ्यायची. ज्या बाईला फ्लूच्या लसीची धास्ती वाटते तीच शेजारणीच्या उरलेल्या पाकिटातली गोळी बिनदिक्कत घेते, हे मी इतक्यांदा पाहिलंय की मोजणं सोडलं. यादी करून पर्समध्ये ठेवा आणि एक प्रत नवऱ्याकडे द्या. तुमचा आवाज गेलेला असेल तेव्हा ती त्यानं दाखवायची आहे.

चौथ्या डॉक्टरांकडे जाताना सगळी कहाणी पहिल्यापासून सांगू नका. अर्ध्या पानावर लिहा: गेल्या वर्षी कुठली लस, कोणत्या तारखेला, ताप कधी, पापणी कधी पडली, कधी उघडली. फोनमध्ये संध्याकाळच्या पापणीचा व्हिडिओ असू द्या. मग विचारा. ही नागिणीची लस कोणती? तिन्ही एकदम न देता एकेक करून, मध्ये अंतर ठेवून देता येतील का? ताप आला तर पॅरासिटामॉल कधी घ्यायचं? पापणी पडली तर कुणाला फोन करायचा, रात्री कुणाला? मी असते तर आजार जरा स्थिर असताना, आठवड्याच्या सुरुवातीला, सकाळी पहिली लस घेतली असती, म्हणजे त्रास झालाच तर डॉक्टर जागेवर असतात. त्याआधी आठ दिवस रोज एका श्वासात किती आकडे मोजता येतात ते लिहून ठेवलं असतं. लसीनंतर किंवा एरवीही तो आकडा एकदम खाली आला, आडवं पडल्यावर दम लागला, थुंकी गिळता येईना, तर वाट बघायची नाही, थेट तातडीच्या विभागात जायचं. ‘हे पण मनाचंच असेल’ असं स्वतःला सांगत बसू नका. दोन वर्षं ऐकून ऐकून ते वाक्य तुमच्याही तोंडात बसलं असणार.

या प्रश्नांवर चौथे डॉक्टर चिडले तर? मग तुम्हाला त्यांच्याबद्दलही कळलं. दुसरं मत घ्या. ‘नक्की माहीत नाही, बघून सांगतो’ म्हणाले तर मात्र त्यांना सोडू नका. मी चाळीस वर्षांत ते वाक्य जितक्या वेळा म्हणायला हवं होतं तितक्या वेळा म्हटलं नाही.

नवऱ्याला माझा एक निरोप द्या. ‘डॉक्टर सांगतात तसं कर’ म्हणण्याआधी त्यानं स्वतः फ्लूची लस घ्यावी. तुमच्यावर औषध सुरू झालं की तुमच्या शरीराला लसीचा पुरेसा उपयोग होईलच असं नाही, पण घरातल्यांनी फ्लू घरात आणला नाही तर तुम्ही तेवढ्या वाचता. बहिणीलाही हेच सांगा. शरीर तुमचं, हे तिचं म्हणणं सोळा आणे खरं. फक्त तुमच्या उशाशी खोकणारी माणसं ती आणि तो आहेत.

आणि सगळं विचारून, ऐकून तुम्ही एखादी लस नाकारलीत तर? तुमचा हक्क आहे. डॉक्टरांना तोंडावर सांगा, कारण लिहून घ्यायला लावा, आणि ताप आला तर पहिल्याच दिवशी यायचं हे ठरवून टाका. लपवाछपवी करू नका. त्या मुलाच्या आईनं डोस कमी केल्याचं कुणालाच सांगितलं नव्हतं. फोनवर एवढं एक वाक्य बोलली असती तर नव्या डॉक्टरांनी तिला तिथल्या तिथं थांबवलं असतं.

शेवटी वेळेचं. तपासणी करून घ्यायची असेल तेव्हा संध्याकाळची वेळ मागा, पापणी स्वतःच साक्ष देईल. या वेळी मात्र तुम्हाला बोलायचं आहे, प्रश्न विचारायचे आहेत, जरूर पडली तर वादही घालायचा आहे. सकाळची पहिली वेळ घ्या, गोळी घेतल्यावर तासाभरानं पोचाल अशी. आणि फोन कराल तेव्हाच सांगून ठेवा की दहा मिनिटं पुरणार नाहीत.